वळायचा थांबलेला चेंडू : लेनवरचं तेल आणि कव्हरस्टॉकचं एक प्रकरण

मे महिन्यातला पहिला शनिवार. हुतात्मा एक्स्प्रेसने भाचा रात्री पुण्याहून सोलापूरला आला. पाठीवर कपड्यांची सॅक आणि हातात जवळजवळ 13 किलोंची बॅग. बॅगेत टेनपिन बोलिंगचे दोन चेंडू, प्रत्येकी 14 पौंडांचे. आक्काने ताट वाढलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. एरवी ताटावर तुटून पडणारा पोरगा दोन घास खाऊन थांबला आणि म्हणाला, "मामा, बॉल वळायचाच थांबलाय. माझा हात गेला बहुतेक."

तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि आठवड्यातून दोनदा तिथल्याच एका बोलिंग सेंटरमध्ये सराव करतो. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचे लूम चालवतो. या खेळाशी माझा संबंध भाच्यामुळे आला, पण आता तीन वर्षं झाली, त्याचे व्हिडिओ मी त्याच्याइतकेच बारकाईने बघतो. पुढच्या दीड महिन्यात त्या चेंडूचं काय झालं ते सविस्तर लिहून ठेवतोय, कारण चेंडू वळेनासा झाला की खेळणारी पोरं आधी स्वतःच्या मनगटाला दोष देतात आणि चेंडूच्या सालीकडे कुणी बघत नाही. आमच्या पोराने दोन महिने असंच स्वतःला दूषण देण्यात घालवले.

डोळ्याला न दिसणारं तेल

लेनवर तेल असतं हे बोलिंग एकदोनदा गंमत म्हणून खेळलेल्यांना सहसा माहीतच नसतं. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून चेंडू सोडायचा त्या रेघेपासून, पहिल्या पिनेपर्यंत लेन 60 फूट लांब आणि साडेतीन फुटांहून जराशी कमी रुंद. त्या रुंदीत 39 पट्ट्या मोजतात, उजव्या हाताचा खेळाडू उजव्या कडेकडून. लाकडी लेनचा जमाना होता तेव्हा चेंडू आपटून, घासून लाकूड झिजू नये म्हणून तेल लावायला सुरुवात झाली. आता बहुतेक लेन कृत्रिम पृष्ठभागाच्या असल्या तरी तेल राहिलं, आणि खेळाची खरी अवघड बाजू त्या तेलातच आहे.

मशीन लेनवरून चालत जाते आणि साधारण पहिले 40 फूट खनिज तेलाचा अतिशय पातळ थर देते. शेवटचे 20 फूट कोरडे. एका लेनवर सगळं मिळून 20 ते 30 मिलिलिटर तेल पडतं, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. रोजच्या खेळासाठी जी मांडणी करतात तिच्यात मधल्या पट्ट्यांवर तेल भरपूर आणि कडेला कमी असतं. त्यामुळे चेंडू बाहेर गेला तर कोरड्या भागाला पकडून परत आत येतो आणि आत राहिला तर तेलावरून सरळ जातो. खेळाडूला हा मोठा आधार असतो. स्पर्धेच्या मांडणीत कडेलाही बऱ्यापैकी तेल असतं आणि हा आधार निघून जातो.

तेलावरचं घर्षण कोरड्या पट्टीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं असतं. म्हणून चेंडू आधी घसरतो, मग पकड मिळाली की वळतो आणि शेवटी सरळ लोळत पिनांवर जातो. या तीन टप्प्यांपैकी कुठला किती लांबतो यावर सगळा निकाल ठरतो.

वळायचं कशासाठी, असं आक्काने मला एकदा विचारलं होतं. सरळ टाकला तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. उजव्या हाताच्या खेळाडूला पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत, म्हणजे साडेसतराव्या पट्टीच्या आसपास, चेंडू घालायचा असतो, तोही सुमारे 6 अंशांच्या कोनात. अगदी उजव्या कडेवरून सरळ रेषेत टाकला तरी कोन दीड अंशाच्या पुढे जात नाही. उत्तम स्ट्राइकमध्ये, म्हणजे एकाच फेकीत दहाही पिना पडतात तेव्हा, चेंडू स्वतः चारच पिनांना लागतो: 1, 3, 5 आणि 9. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. एक पिन दीड किलोहून थोडी जास्त वजनाची असते. कोन कमी पडला की पहिल्या दोन धडकांत चेंडू उजवीकडे ढकलला जातो आणि मधली पाचवी पिन उभी राहते. भाच्याच्या व्हिडिओत मे महिन्यात तीच पिन पुन्हा पुन्हा उभी दिसत होती.

दोन चेंडू, दोन साली

चेंडूच्या वरच्या आवरणाला कव्हरस्टॉक म्हणतात. मी त्याला साल म्हणतो. आत जड गाभा असतो, त्याच्या आकारावरून चेंडू किती डोलत फिरेल ते ठरतं. पण लेनला टेकते ती साल. दुकानदार गाभ्याची रंगीत चित्रं दाखवून चेंडू विकतात, तरी तेलावर पहिला शब्द सालीचाच असतो. अमेरिकेच्या यूएसबीसी या नियामक संस्थेने चेंडूच्या गतीचा जो मोठा अभ्यास केला, त्यातही पृष्ठभागाचा खरखरीतपणा आणि सालीचे गुणच सगळ्यात वर आले.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चेंडू लाकडाचे होते, मग कडक रबराचे आले. पुढे पॉलिएस्टर आलं, ज्याला सगळे प्लास्टिक म्हणतात. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन आलं आणि 1990च्या दशकाच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन. रेझिनने खेळच बदलून टाकला.

आमच्याकडे डाईंगमध्ये रिअ‍ॅक्टिव्ह म्हटलं की सुताशी पक्का बंध धरणारा रंग आठवतो. इथे प्रकार निराळा आहे. युरेथेन बनवतानाच त्यात असे पदार्थ मिसळतात की ते त्याच्याशी जोडले जात नाहीत आणि साल घट्ट झाल्यावर तिच्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. ही छिद्रं लेनवरचं तेल पितात. चेंडू तेलातून जातानाच थोडं तेल सालीत जातं आणि साल लेनला भिडते. प्लास्टिकला छिद्रं नाहीत. ते तेल पीत नाही, अंगावर घेऊन पुढे सरकवतं.

हे मला टॉवेलवरून चटकन समजलं. साध्या विणीच्या कापडाने टेबलावरचं तेल पुसलं तर ते पसरतं. टेरी टॉवेलचे उभे लूप ते उचलून घेतात. पण लूमवरून उतरलेला कोरा टॉवेल पाणीसुद्धा धड पीत नाही, कारण कापसाचं नैसर्गिक मेण आणि ताण्याची कांजी त्यावर असते. कॉस्टिकमध्ये उकळून ती काढली की तोच टॉवेल पाणी प्यायला लागतो. चेंडूवर पॉलिश चढवलं की नेमकं याच्या उलट होतं. सालीची खरखर झाकली जाते, चेंडू तेलावरून लांब घसरतो आणि उशिरा, झटक्यात वळतो.

भाच्याच्या बॅगेतला एक चेंडू प्लास्टिकचा आणि दुसरा सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह. सॉलिड म्हणजे मंद दिसणारी साल, जी लवकर पकडते. पर्ल प्रकारात अभ्रकाची भुकटी मिसळलेली असते. तो पुढच्या भागात तेलावरून निसटतो आणि कोरडी पट्टी लागली की मोठा कोन करतो. हायब्रिडमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं.

जानेवारी ते मे

रिअ‍ॅक्टिव्ह चेंडू त्याने जुना घेतला होता, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, पुण्यातल्या एका खेळाडूकडून. आधी किती गेम झाले होते ते विकणाऱ्यालाही नीट सांगता आलं नाही. त्याआधी भाचा प्लास्टिकच्या चेंडूने खेळायचा आणि सकाळच्या ताज्या तेलावर तो पार हतबल व्हायचा. रेझिनचा चेंडू हातात आल्यावर पहिल्याच दिवशी रात्री फोनवर ओरडला होता, "मामा, गटरच्या काठावरून आत आला!" गटर म्हणजे लेनच्या कडेची पन्हळ.

जानेवारी, फेब्रुवारी चांगले गेले. मार्चमध्ये सतराव्या पट्टीवर येणारा चेंडू पंधराव्यावर यायला लागला. एप्रिलमध्ये तेराव्या, मेमध्ये बाराव्या. सेंटरमध्ये ज्याने त्याने सल्ला दिला: मनगट जास्त वळव, खांदा मोकळा सोड, जोर लाव. त्याने जोर लावला. मनगट दुखायला लागलं. माझ्याकडे आला तेव्हा मनगटावर पट्टा होता, आणि ते बघून मला वाईट वाटलं.

त्या रविवारी सकाळी आम्ही जानेवारीचे आणि मेचे व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवून बसलो. चेंडूवर पांढऱ्या टेपचा तुकडा लावून 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करायची सवय त्याला मीच लावली होती. हातातून सुटल्यावर चेंडूची एक फेरी पुरी व्हायला किती फ्रेम लागतात ते मोजलं. जानेवारीत 57-58, मेमध्येही 57-58. म्हणजे मिनिटाला सुमारे 250 फेऱ्या, तेव्हाही आणि आताही. फिरकी जशीच्या तशी होती.

मग वेळ मोजला. जानेवारीत चेंडू 60 फूट 2.4 सेकंदांत जायचा, म्हणजे ताशी सुमारे 27 किलोमीटर. मेमध्ये 2.2 सेकंदांत, ताशी 30. जोर लावण्याच्या सल्ल्याने एवढं केलं होतं. चेंडू जितका वेगात, तितका त्याला लेनला पकडायला वेळ कमी. आजार वाढवणारं औषध चालू होतं.

मात्र वेग हे सगळं कारण नव्हतं. त्या शनिवारच्या सरावात शेवटच्या गेमला पोरगा थकला होता आणि वेग आपोआप 2.4 वर आला होता. तरी चेंडू बाराव्या पट्टीच्या पुढे आला नाही. हा एक गेम माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा ठरला. हात तोच, फिरकी तीच, वेग तोच, मग बदललं काय? लेनवरचं तेल किंवा चेंडूची साल. तेलाची मांडणी सेंटरने बदलली असेल ही शंका मलाही आली, पण त्याच लेनवर, त्याच वेळी, त्याच्या मित्राचा नवा चेंडू व्यवस्थित वळत होता. मी भाच्याला म्हटलं, "तुझा हात शाबूत आहे. पट्टा काढ."

वॉटर पेपर

रेझिनच्या चेंडूची पकड दोन मार्गांनी जाते. एक, लेनवर घासून घासून सालीची खरखर मोडते आणि ती गुळगुळीत होते. दोन, छिद्रं तेलाने भरतात. पहिला दोष वरवरचा, दुसरा खोलवर मुरलेला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

सोपं आधी करायचं ठरवलं. चेंडूच्या पृष्ठभागाची खरखर आकड्यात सांगतात: 500, 1000, 2000, 4000. आकडा लहान तितकी साल खरखरीत आणि पकड लवकर. 500 ला घासलेली साल तेलाच्या थरातून बारीक बारीक टोकं खाली खुपसते, 4000 च्या पुढे पॉलिश केलेली साल त्याच थरावर तरंगत जाते. हा चेंडू मुळात 2000 चा होता. यासाठी फोमचे खास गोल पॅड मिळतात आणि फिरत्या मशीनवर चेंडू ठेवून घासतात. आमच्याकडे मशीन नव्हतं. नवी पेठेतून गाड्यांच्या पेंटिंगला वापरतात तो 2000 नंबरचा वॉटर पेपर आणला, जुन्या टॉवेलची चुंबळ करून चेंडू तिच्यावर बसवला आणि पाणी सोडत चारही बाजूंनी सारख्याच दाबाने घासला. आकडा तोच असला तरी पॅडची आणि कागदाची खरखर तंतोतंत सारखी येत नाही, हातानेही दाब कमीजास्त होतो. तरी अर्ध्या तासात चकाकी गेली आणि साल पाटीसारखी मंद दिसायला लागली.

भाचा पुण्याला गेला. बुधवारी रात्री फोन आला, आवाजात आनंद. पहिल्या गेमला चेंडू सोळाव्या पट्टीपर्यंत आला होता. शुक्रवारी पुन्हा फोन. दुसऱ्या दिवसाच्या सरावात, दुसऱ्या गेमच्या मध्यावर, चेंडू परत बाराव्यावर.

तो निराश झाला होता. मला मात्र हे उत्तर वाटलं. खरखर एवढाच दोष असता तर ती एवढ्या लवकर मोडली नसती. नुसती साल घासून पकड येते आणि दोन दिवसांच्या सरावात जाते, याचा अर्थ तेल आतून वर येत होतं किंवा वरचं तेल आत जायला जागाच नव्हती. जानेवारीपासून त्याचे 80 च्या आसपास गेम झाले होते, आणि विकणाऱ्याचे त्याआधीचे किती ते वेगळेच. रेझिनच्या चेंडूतलं तेल साधारण 50 ते 60 गेमनंतर काढावं लागतं. या चेंडूचं कधी काढलं असेल असं वाटत नव्हतं.

शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब

दोन आठवड्यांनी तो पुन्हा आला. मला अंदाजावर चालायचं नव्हतं. नवीन चेंडूंना मान्यता देताना त्यांची साल किती वेगाने तेल पिते ते थेंब ठेवून तपासतात, हे मी वाचलं होतं. लेनचं तेल आमच्याकडे नव्हतं. आक्काच्या शिलाई मशीनचं तेल होतं. तेही हलकं खनिज तेलच, फक्त लेनच्या तेलापेक्षा पातळ. त्यामुळे किती मिनिटांत मुरलं या आकड्याला अर्थ नाही, पण एका जागेची दुसरीशी तुलना करायला ते पुरेसं होतं.

ओसरीत पाटावर दोन चुंबळी, दोन चेंडू. स्पिरिटने पुसून कोरडे केलेले. सुईच्या टोकाने तीन थेंब ठेवले: एक प्लास्टिकच्या चेंडूवर, एक रेझिनच्या चेंडूवर अंगठ्याच्या भोकाच्या वरच्या बाजूला, जिथे चेंडू लेनला कधी टेकत नाही, आणि तिसरा त्याच चेंडूच्या ट्रॅकवर. ट्रॅक म्हणजे लेनला घासणारा पट्टा. खेळून आलेल्या रेझिनच्या चेंडूवर तेलाची कडी दिसतात, एकाशेजारी एक, केळीच्या पानावरच्या शिरांसारखी. गाभ्यामुळे चेंडूचा अक्ष सरकत जातो आणि दर फेरीला सालीचा थोडा नवा भाग लेनला लागतो, म्हणून ती अशी पसरतात.

आम्ही दोघं वाकून बघत बसलो. प्लास्टिकवरचा थेंब मोत्यासारखा गोल, खिडकीचा उजेड त्यात चमकत होता. शेवटपर्यंत तसाच राहिला. अंगठ्याजवळचा थेंब आधी कडेने पसरला, मग त्याची उंची कमी झाली, मग चमक गेली, आणि आक्काचा चहा होऊन आला तोवर तिथे फक्त एक गडद डाग उरला होता. बोट फिरवलं तर बोटाला तेल नाही. ट्रॅकवरचा थेंब पसरला, पण मुरला नाही. चहा पिऊन झाला, कप धुऊन झाले, तरी तो तिथेच ओला चकाकत होता.

एकाच चेंडूची एक जागा तहानलेली आणि दुसरी पोट भरून बसलेली. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी दोन महिने उगाच मनगट तोडत होतो."

बादलीतला चेंडू

तेल बाहेर काढायला उष्णता लागते, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने लगेच चेंडू उचलला आणि गच्चीचा जिना चढायला लागला. "मामा, आपल्याकडे मे महिन्याचं ऊन आहे, दुसरं काय पाहिजे?" मी त्याला अर्ध्या जिन्यावरून परत बोलावलं. सोलापूरच्या मेमध्ये सावलीतच पारा 43-44 वर असतो. उन्हात ठेवलेल्या गडद चेंडूची वरची बाजू त्याच्या कितीतरी पुढे जाते आणि खालची बाजू मागे राहते. साल आणि गाभा वेगवेगळ्या वस्तूंचे, तापल्यावर सारखे फुगत नाहीत. एका बाजूने तापलेला चेंडू तडकतो आणि तडकलेल्या चेंडूला उपाय नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत चेंडू ठेवू नये तो याचसाठी. केस वाळवायच्या ड्रायरचंही तेच, कारण तो एकाच जागेवर आग ओततो.

त्याच्या मित्राने सांगितलेला थिनरने धुण्याचा उपाय तर मी ऐकूनही घेतला नाही. अशा द्रावणांनी साल मऊ पडते, आणि सालीची कठिणता हा या खेळात गंभीर विषय आहे. कठिणता मोजायच्या शोर डी मापावर कमीत कमी मर्यादा 72 डी होती, पुढे नवीन चेंडूंसाठी ती 73 डी केली. 2022 मध्ये यूएसबीसीने 2016 आणि 2017 साली बनलेले पर्पल हॅमर हे युरेथेनचे चेंडू आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतून बाद केले ते याच कठिणतेच्या प्रश्नावर. साल मऊ केली तर चेंडू जास्त पकडेलही, पण तो खेळण्यालायक राहणार नाही.

सगळीकडून सारखी, बेताची उष्णता हवी असेल तर गरम पाणी. पाणी 60 अंशांच्या वर जाता कामा नये. आम्ही 54-55 वर ठेवायचं ठरवलं. डाईंगमधला थर्मामीटर माझ्याकडे होताच, रंगाच्या कुंडाचं तापमान सांभाळायचा माझा रोजचा सराव आहे. बोटांच्या भोकांवर वॉटरप्रूफ टेप घट्ट चिकटवला. मोठ्या बादलीच्या तळाशी टॉवेल घडी करून टाकला. 12 पौंडांच्या खालचा चेंडू पाण्यावर तरंगतो. आमचा 14 पौंडांचा, सावकाश तळाला जाऊन बसला. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकले आणि वीस मिनिटं थांबलो.

सातव्या-आठव्या मिनिटाला पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी तवंगाची रेघ आली. वीस मिनिटांनी चेंडू वर काढला तेव्हा ट्रॅकच्या पट्ट्यावर बारीक घाम फुटल्यासारखे कण होते आणि बाकीची साल पाण्याने नुसती ओली होती. तो घाम लगेच पुसावा लागतो, कारण चेंडू थंड होताना तेच तेल परत आत ओढतो. मी आमच्याच लूमचा, चार-पाच वेळा धुतलेला पांढरा टेरी टॉवेल घेतला. सॉफ्टनर कधी न लावलेला, कारण सॉफ्टनरने लूपवर थर बसतो आणि टॉवेलची शोषण्याची ताकद जाते. पुसल्यावर टॉवेलवर फिकट पिवळसर पट्टा उमटला. भाच्याने तो टॉवेल नाकाशी नेला आणि म्हणाला, "सेंटरचा वास आला."

दुसऱ्या वेळी तवंग कमी, तिसऱ्या वेळी जवळजवळ नाहीच. तिथे थांबलो. टेप काढून चेंडू एक दिवस पंख्याखाली नको, नुसता घरात सावलीत ठेवला. मग आधी 1000 आणि त्यावर 2000 चा कागद फिरवला. सोमवारी पहाटे तो गाडीला निघायच्या आधी ट्रॅकवर पुन्हा एक थेंब ठेवला. अंगठ्याजवळच्या जागेपेक्षा सावकाश मुरला, पण मुरला. त्याने तो पुसला, बॅग उचलली आणि स्टेशनला गेला.

जून, सकाळ आणि दुपार

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः पुण्याला गेलो. सकाळचा पहिला स्लॉट, ताजं तेल. मे महिन्याच्या त्या शनिवारी तीन गेममध्ये पाचवी पिन सात वेळा उभी राहिली होती. या सकाळी तीन गेममध्ये एकदाच. वेग परत 2.4 वर, मनगटाला पट्टा नाही. तेलाची लांबी फुटांत धरून तिच्यातून 31 वजा केले की चेंडूने कितव्या पट्टीवरून वळावं ते मिळतं, असा एक ठोकताळा खेळाडू वापरतात. 40 फुटांना नववी पट्टी. चेंडू नवव्या-दहाव्या पट्टीपर्यंत जात होता आणि तिथून सोळाव्या-सतराव्यावर येत होता. मागे उभं राहून ऐकलं तर आवाजही वेगळा होता. मेमध्ये पिना एकेक करून पडल्यासारख्या वाजायच्या, आता एकच कडकडाट होत होता.

दुपारी चित्र पालटलं आणि तेही नोंदवायला हवं. तासन्‌तास वेगवेगळ्या रेझिनच्या चेंडूंनी बाहेरच्या पट्ट्यांवरचं तेल पिऊन टाकलं होतं. आमचा खरखरीत सॉलिड चेंडू आता पंचविसाव्या-तिसाव्या फुटावरच पकडायला लागला, डावीकडे जास्त आला, आणि पिनांपर्यंत पोचला तेव्हा त्याच्यात दम उरला नव्हता. सकाळी जो गुण होता तोच दुपारी नडला. भाच्याने उभं राहायची जागा डावीकडे सरकवली, मधल्या जास्त तेलातून चेंडू काढला, थोडं जमलं. पण तेल सरकतही असतं. शेजारच्या लेनवर प्लास्टिकचे चेंडू चालले होते, ते तेल पुढच्या कोरड्या भागात ओढून नेतात, आणि मग तिथे अचानक चेंडू निसटतो.

स्पर्धा चालू असताना साल घासायला नियमाने मनाई आहे, फक्त कोरड्या कापडाने पुसता येतं. म्हणजे निवड बॅग भरतानाच करावी लागते. माझं मत असं झालं की भाच्याने दिवाळीपर्यंत पैसे साठवून पॉलिश केलेला पर्ल घ्यावा, दुपारसाठी. त्याचा ओढा युरेथेनकडे होता. युरेथेन रेझिनसारखं तेल पीत नाही, चेंडू संथ आणि सारखा वळतो, त्याचा नेम सांभाळायला सोपा. पण ज्याचा वेग जास्त आणि फिरकी कमी, त्याच्या हातात युरेथेन ताज्या तेलावर जवळजवळ प्लास्टिकसारखं वागतं. मिनिटाला 400 फेऱ्या देणाऱ्याला ते शोभतं, 250 वाल्याला नाही. त्याने हे मान्य केलं, जरा नाराजीने.

प्लास्टिकचा चेंडू विकायचा त्याचा विचार मात्र मी हाणून पाडला. उजव्या कोपऱ्यातली दहावी पिन एकटी उरते तेव्हा वळणारा चेंडू घात करतो. तिथे तेलाकडे ढुंकूनही न बघता सरळ जाणारी सालच हवी. त्या दिवशी त्याने प्लास्टिकने दहावी पिन सहापैकी पाच वेळा उचलली.

आता प्रत्येक फेकीनंतर तो चेंडू पुसतो, कारण सालीवरचं तेल आत मुरायला काही मिनिटंच लागतात आणि त्याआधी पुसलेलं तेल पुन्हा काढावं लागत नाही. त्यासाठी मी त्याला आमच्या लूमवर जास्त उंच लूपचे सहा छोटे टॉवेल विणून दिलेत, कडा शिवून, दोनदा धुऊन. बॅगेत एक छोटी वही आहे. त्यात गेमचा आकडा चढतो आणि 50 झाले की पुढची बादली. आज दुपारी त्याचा मेसेज आला: "47. शनिवारी येतोय. थर्मामीटर शोधून ठेवा."